दया कोणाच्या खर्चाने?

गेल्या पावसाळ्यात मांजराचे एक भिजलेले पिल्लू आमच्या दाराशी आले. आम्ही ते उचलून थेट चुलीपाशी, आमच्या म्हाताऱ्या मनीच्या जागेवर ठेवले. मनी फिसकारली आणि माळ्यावर जाऊन बसली. दिवसभर तिने ताटलीला तोंड लावले नाही. आम्ही म्हटलं, "किती मत्सरी हो ही!"

वाचकहो, चूक कोणाची? मांजर आपले घर वासाने ओळखते. परका वास एकाएकी आला की ते भिते. त्या भयाला आम्ही मत्सर म्हटले. शिवाय दया केली आम्ही, आणि जागा दिली मनीची! दुसऱ्याच्या ताटातले वाढून दाता होणे सोपे असते.

मग मनीची जागा मनीला परत दिली. पिल्लाला गुरांच्या डॉक्टरांना दाखवून निराळ्या खोलीत ठेवले. एकाचे फडके दुसऱ्याजवळ ठेवले. बंद दाराच्या दोन्ही अंगांस दोघांना जेवू घातले. १५ दिवसांनी दार उघडले. आजही ती दोघं एका जागी निजत नाहीत, पण भांडतही नाहीत. एवढे पुरे.

भूतदया क्षणात उपजते. निभावायला धीर लागतो. आलेल्याला आसरा अवश्य द्यावा, परंतु त्याचे मोल आपण भरावे, आधीच्याने नव्हे.