विद्यादान आणि विद्यार्थ्याचे दान

सद्भक्तहो,

श्रींचे दर्शन घेऊन आपण सभामंडपात येता आणि दानपेटीपाशी क्षणभर थांबता. आपल्या कष्टाच्या कमाईतील यथाशक्ती द्रव्य आपण तेथे श्रींच्या चरणी अर्पण करता. त्या द्रव्याचे पुढे काय होते, हे जाणून घेण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे. त्यातील काही भाग नित्यपूजा व उत्सवाकडे जातो, काही अन्नछत्राकडे, काही भक्तनिवासाच्या देखभालीकडे आणि काही संस्थानच्या माध्यमिक विद्यालयाकडे. या चौथ्या वाट्याविषयी आज चार शब्द आपल्या सेवेशी सादर करीत आहोत.

दरवर्षी शालान्त परीक्षेचा निकाल लागला की विद्यालयाच्या प्रांगणात गुणगौरव सोहळा होतो. श्रींच्या प्रतिमेचे पूजन व दीपप्रज्वलन झाल्यावर गुणवंत विद्यार्थ्यांना श्रीफळ, प्रसाद व ग्रंथ देऊन त्यांचा सत्कार करण्यात येतो. आनंदाचाच हा दिवस. तथापि धर्मसंस्थेने चालविलेल्या विद्यालयात केवळ गुणपत्रिकेचा गौरव होऊन थांबावे काय, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. गुण तर कोणत्याही शाळेत मिळतात. श्रींच्या छायेत शिकलेल्या मुलाने त्याहून अधिक काय घेऊन बाहेर पडावे?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या पूर्वजांनी फार पूर्वी देऊन ठेवले आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत, अध्ययन पूर्ण करून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य निरोपाचा उपदेश करतात. आजच्या भाषेत तो पदवीदान समारंभातील उपदेशच होय. त्यात सत्य आहे, धर्माचरण आहे, स्वाध्यायात खंड पडू न देण्याची आज्ञा आहे आणि दानाविषयीचा स्वतंत्र उपदेशही आहे. दानात श्रद्धा असावी, विनय असावा, आपल्याकडून काही उणे तर राहत नाही ना अशी भीतीही असावी, असे आचार्य सांगतात. ज्याने आजवर गुरुगृही केवळ घेतले, त्याला निघताना द्यायला शिकविले जाते. विद्या पूर्ण झाल्याची ही खूण होय.

हाच बोध कालिदासाने रघुवंशाच्या पाचव्या सर्गात कथारूपाने सांगितला आहे. वरतंतू ऋषींचा शिष्य कौत्स याने चौदा विद्या संपादन केल्या आणि गुरुदक्षिणेचा आग्रह धरला. तुझी सेवा हीच दक्षिणा, असे गुरूंनी प्रथम सांगितले. शिष्य ऐकेना, तेव्हा त्यांनी रागावून चौदा कोटी द्रव्य मागितले. कौत्स रघुराजाकडे गेला. परंतु विश्वजित यज्ञात रघूने सर्वस्व दान केले होते आणि अतिथीला अर्घ्य देण्यासाठी त्याच्याजवळ मातीचे पात्र तेवढे उरले होते. ते पाहून कौत्स परत फिरू लागला. याचक विन्मुख जाऊ नये म्हणून रघूने त्याला दोन-तीन दिवस थांबवून घेतले आणि कुबेरावर चालून जाण्याचे ठरविले. त्याच रात्री राजाच्या कोषागारात सुवर्णवृष्टी झाली.

सद्भक्तहो, खरी कथा येथून पुढे आहे. रघू म्हणाला, हे सर्व सुवर्ण तुझेच. कौत्स म्हणाला, गुरुदक्षिणेपुरते घेईन, त्याहून एक कणही अधिक नको. मागितल्याहून जास्त देऊ पाहणारा राजा आणि गरजेहून जास्त न घेणारा विद्यार्थी, असा हा वाद! साकेतवासी जनांनी त्या दोघांचीही सारखीच प्रशंसा केली, असे कवीने वर्णिले आहे. आपल्या महाराष्ट्रात ही कथा दसऱ्याशी जोडलेली आहे. कौत्साने न घेतलेले सोने लोकांनी वाटून घेतले, म्हणून त्या दिवशी आपट्याची पाने सोने म्हणून देतात, असे वडीलधारी मंडळी सांगतात. विजयाच्या दिवशी आपण एकमेकांना जे देतो, ते एका विद्यार्थ्याच्या निर्लोभीपणाचे स्मरण आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या पानाचे मोल कळते.

दाता आणि याचक या दोघांचाही मान राहावा, हा या कथेचा गाभा आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, कर्तव्य म्हणून, योग्य स्थळी, योग्य काळी व योग्य व्यक्तीस दिलेले दान सात्त्विक. फळावर दृष्टी ठेवून किंवा कष्टी मनाने दिलेले राजस. घेणाऱ्याचा अनादर करून दिलेले ते तामस. दानाची रक्कम कितीही मोठी असली, तरी घेणाऱ्या मुलाची मान त्यामुळे खाली गेली, तर ते तिसऱ्या पायरीवर घसरते. म्हणूनच आमच्या सोहळ्यात एक नियम पाळला जातो. व्यासपीठावरून विद्यार्थ्याचे नाव व यश सांगितले जाते; त्याच्या घरची परिस्थिती सांगितली जात नाही. देणगीदाराचा यथोचित सन्मान होतो. परंतु कोणत्या मुलाला कोणाची शिष्यवृत्ती मिळाली, याचा पुकारा होत नाही.

आता व्यवहाराची बाजूही आपल्यापुढे ठेवणे अगत्याचे आहे. अनुदानित शाळांमध्ये पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना शासकीय योजनेतून पाठ्यपुस्तके आणि दुपारचे भोजन मिळते. नववीत पाऊल टाकताच हा आधार थांबतो. पुस्तके, वह्या, परीक्षेचे शुल्क, सकाळी घर सोडलेल्या मुलाच्या दुपारच्या भाकरीची सोय, हे सारे ऐन महत्त्वाच्या दोन वर्षांत पालकांच्या अंगावर येते. ज्यांचे पोट रोजंदारीवर आहे, त्यांच्या घरी याच वेळी मुलाला कामावर धाडण्याचा किंवा मुलीचे नाव शाळेतून काढण्याचा विचार सुरू होतो. बुद्धी असूनही दहावीच्या उंबरठ्यावरून एक मूल परत फिरले, तर ती हानी केवळ त्या घराची नव्हे, सर्व समाजाची होय.

अशा वेळी विद्यार्थीच विद्यार्थ्यांच्या मदतीला धावतात, हे सांगताना आम्हांस अभिमान वाटतो. दहावीची परीक्षा आटोपली की मुले आपली पुस्तके नीट कव्हर घालून विद्यालयाच्या पुस्तक-पेढीत जमा करतात आणि तीच पुस्तके जूनमध्ये नव्या हातांत जातात. शिष्यवृत्तीवर शिकणारी वरच्या वर्गांतील मुले सायंप्रार्थनेनंतर लहान मुलांचा गणिताचा अभ्यास घेतात. यात्रेच्या दिवसांत हीच मुले पाणपोईवर उभी असतात. आपण प्यालेला थंड पाण्याचा पेला कदाचित यंदाच्या एखाद्या गुणवंताच्या हातचा असेल. येथे शिकून गेलेल्या एकाने नोकरीचा पहिला पगार हाती येताच त्यातील रक्कम कार्यालयात आणून दिली. पावतीवर नाव काय लिहावे असे विचारता तो उत्तरला, “श्रींचा विद्यार्थी, एवढेच लिहा.” कार्यालयाच्या पावतीपुस्तकात आजवर अनेक मोठ्या रकमा लिहिल्या गेल्या आहेत, परंतु या नोंदीचे तेज काही निराळेच आहे.

ही परंपरा आपल्या भूमीला नवी नाही. जोग महाराजांनी 1917 साली आळंदी येथे वारकरी शिक्षण संस्था स्थापिली. तेथील विद्यार्थ्यांनी माउलींच्या सान्निध्यात माधुकरी मागून अध्ययन केले आणि पुढे गावोगावी कीर्तन-प्रवचनांतून ते ज्ञान समाजाला परत दिले. आळंदीकरांनी झोळीत घातलेली भाकरी अशा रीतीने साऱ्या महाराष्ट्राला पोहोचली.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि 1924 साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. मुलांच्या पोटासाठी धान्य उरले नाही, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, एवढेच नव्हे तर मंगळसूत्रही दिले. घरोघरच्या मूठभर धान्यातून उभा राहिलेला मुष्टिफंड आणि स्वतः राबून शिकण्याची शिस्त यांवर ते कार्य वाढले.

आणि पंढरीची वारी करणाऱ्यांनी तर गाडगे महाराजांचे स्मरण अवश्य ठेवावे. यात्रेकरूंसाठी त्यांनी ठिकठिकाणी धर्मशाळा बांधविल्या. पंढरपूर येथील चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सुपूर्द केली. यात्रेकरूच्या निवाऱ्याइतकेच विद्यार्थ्याचे शिक्षणही ईश्वराचे कार्य आहे, हे त्या निःसंग पुरुषाने कृतीने दाखवून दिले.

तेव्हा, भाविकहो, आपल्या दानाचा विचार करताना हेही मनात असू द्यावे. देवाला सोन्याचा मुकुट अर्पण करणारा भक्त धन्य होय, त्याविषयी शंका नाही. परंतु एखाद्या मुलीचे दोन वर्षांचे शिक्षण पूर्ण करून देणारा भक्तही श्रींच्या पूजेतच सहभागी असतो. मोठी देणगी देणे प्रत्येकास शक्य नसते. नववी-दहावीची वापरलेली पण सुस्थितीतील पुस्तके, कोऱ्या वह्या, कंपासपेटी, मधल्या सुटीच्या भोजनासाठी पायलीभर धान्य, यांचाही सादर स्वीकार होतो. वाढदिवस, विवाह, पुण्यतिथी अशा निमित्ताने एका विद्यार्थ्याच्या वर्षाच्या खर्चाचा भार उचलता येईल. प्रत्येक देणगीची रीतसर पावती संस्थानच्या कार्यालयातून अवश्य घ्यावी. नाव गुप्त ठेवण्याची इच्छा असल्यास तसे सांगावे. तिचा मान राखला जाईल.

आपल्या घरातील मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगावी, ही विनंती. परीक्षेत यश मिळाले की आपण त्यांना विचारतो, तुला बक्षीस काय हवे? त्याच वेळी, या आनंदात तू कोणाला काय देशील, असेही विचारावे. त्या प्रश्नाने मूल थोडे थांबेल, विचार करील आणि आपली जुनी पुस्तके, आपला थोडा वेळ किंवा खाऊचे पैसे कोणासाठी तरी बाजूला ठेवील. त्या दिवशी त्याच्या शिक्षणाला खरी गोडी आली असे समजावे.

श्रींच्या कृपेने आपल्या मुलाबाळांना विद्या लाभो, त्या विद्येला विनयाची जोड मिळो आणि आज घेणारे त्यांचे हात उद्या दुसऱ्यासाठी पुढे होवोत, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥

आपला नम्र,
कार्यालयीन सचिव
(विश्वस्त मंडळाकरिता)