प्रवेशाच्या अर्जातला पहिला धडा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



शाळाप्रवेशाचे दिवस जवळ आले की आपल्या प्रत्येक केंद्रात आरतीनंतर एकच विषय निघतो. इंदूर असो, बडोदा असो की बेळगाव. बोर्ड कोणतं, माध्यम कोणतं, फी किती, बस दारापर्यंत येते का? लेकराचं भलं व्हावं म्हणून आईबाप जिवाचं रान करतात, त्यात वावगं काहीच नाही. प्रपंच नेटका करणं हीसुद्धा सेवाच. पण या धावपळीत एक गोष्ट नजरेतून निसटते, म्हणून आज हे चार शब्द.

मूल शाळेत पाऊल टाकण्याआधीच शिकायला लागलेलं असतं. घरची माणसं शाळा कशी मिळवतात, हे ते बघत असतं. काही घरांत शाळा जवळ दाखवायची म्हणून मामाच्या पत्त्यावर भाडेकरार केला जातो. कुठे उत्पन्नाचा दाखला कमी आकड्याचा काढला जातो. मग पाच-सहा वर्षांच्या पोराला बजावतात, "बाईंनी विचारलं तर मामाकडेच राहतो म्हणून सांग हं!" पोर मान डोलावतं. त्याच पोराला संध्याकाळी देवापुढे बसवून सांगायचं, बाळा, खोटं बोलू नये. आता त्याने कोणतं ऐकायचं?

छांदोग्य उपनिषदात सत्यकामाची कथा आहे. त्याला गुरूकडे शिकायला जायचं होतं. तिथे गोत्र विचारतील, म्हणून त्याने आईला, जबालेला, आपलं गोत्र विचारलं. तरुणपणी ती अनेकांच्या घरी राबलेली बाई. तिला ते सांगता येईना. एखादं चांगलं गोत्र ठोकून द्यायला तिला काय अवघड होतं? पण तिने मुलाला आहे तेच सांगितलं आणि आपलंच नाव लावायला सांगितलं. सत्यकामाने ते शब्द जसेच्या तसे हारिद्रुमत गौतमांपुढे ठेवले. गौतमांनी त्याला समिधा आणायला सांगितलं आणि शिष्य करून घेतलं, कारण तो सत्यापासून ढळला नव्हता. प्रवेशाच्या वेळी त्या मुलाकडे एवढीच एक पुंजी होती, आणि ती आईने दिलेली होती.

आता आपल्या काळाकडे येऊ. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिलीच्या किमान २५ टक्के जागा परिसरातल्या दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांना द्यायच्या असतात. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नाही, आणि राज्याराज्यांत नियमांत थोडा फरक आहे. खोट्या दाखल्यावर अशी एक जागा मिळाली, तर ती कोणाची गेली? कदाचित आपल्याच घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशींच्या लेकीची. तिच्या ताटातला घास उचलून आपल्या बाळाला भरवायचा आणि वर देवाला नैवेद्य दाखवायचा, हे आपल्या सेवेत बसत नाही.

खरं बोलणारा हात बांधून बसत नाही, हेही लक्षात असू द्या. हाच कायदा प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी करायला आणि देणगी घ्यायला मनाई करतो. चाळणीबद्दल पहिल्या वेळी २५ हजार रुपयांपर्यंत दंड आहे. देणगी मागितली तर पावती मागावी, नियम विचारावा, शिक्षण खात्याकडे लेखी तक्रार द्यावी. आवाज चढवायची गरज नाही.

मग शाळा निवडावी कशी? जाहिरातीच्या फलकावरून नको. शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी अर्धा तास उभं राहावं आणि बाहेर येणाऱ्या मुलांचे चेहरे बघावेत. पिण्याचं पाणी आणि मुलींची स्वच्छतागृहं बघावीत. शिक्षक किती वर्षं टिकतात ते विचारावं. शिपायाशी आणि बसवाल्या दादांशी तिथे कसं बोलतात, तेही कान देऊन ऐकावं. फीचा हिशोब दहावीपर्यंतचा मांडावा. कर्ज काढून फी भरायची आणि घरात रोज कटकट, असं घर कुठल्याही पोराला मानवत नाही.

माध्यमाचा निर्णय ज्याने त्याने आपल्या गावाप्रमाणे करावा. बेळगावात कन्नड हवी, बडोद्यात गुजराती हवी, इंग्रजीही हवी. ज्ञानेश्वर माउलींनी शके १२१२ मध्ये गीतेचा अर्थ मराठीत आणला. तो आपल्या नातवंडांना वाचता यावा, एवढं तरी घराने बघावं. शाळा कोणतीही असो, रोज रात्री दहा मिनिटं आजीने किंवा आईने शेजारी बसून मराठीतून पोथीचं पान वाचून घ्यावं. त्याला फी लागत नाही.

तेव्हा यंदा अर्ज भरताना एक करू या. अर्ज आधी देव्हाऱ्यापुढे ठेवावा, मुलाला जवळ बसवावं आणि त्यातली प्रत्येक ओळ त्याच्यासमोर मोठ्याने वाचावी. जी ओळ त्याच्यासमोर वाचताना जीभ अडखळेल, ती खोडून खरं लिहावं. त्यामुळे हवी ती शाळा हुकली, तर दुसरी शाळा आहे. पण आईबाप खरं बोलतात हा लेकराचा विश्वास एकदा गेला, तर तो कुठल्या शाळेत मिळणार?

सद्गुरू सर्व लेकरांना सद्बुद्धी आणि उत्तम विद्या देवोत.

॥ शुभं भवतु ॥