पेरणी हा जुगार नव्हे

जूनमध्ये पावसाने ओढ दिली की बातम्यांत एक शब्द हमखास उगवतो: जुगार. शेती म्हणजे मान्सूनशी खेळलेला जुगार, दुबार पेरणी म्हणजे दुसरा डाव. वाक्य सहानुभूतीचे वाटते, पण ते शेतकऱ्यावर अन्याय करते आणि ज्यांना जाब विचारायचा त्यांना मोकळे सोडते.

इंदूर जिल्ह्यातला देपालपूर तालुका घ्या. माळव्याची काळी, पाणी धरून ठेवणारी जमीन. खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू, हरभरा. एके काळी माळव्यातली अशी बरीच रानं पावसाळ्यात पडीक राहत. १९७० नंतर सोयाबीनने तो रिकामा हंगाम भरून काढला. साधारण १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरा, असे इंदूरची सोयाबीन संशोधन संस्था सांगते. शेतकरी ओल बघतो, घरच्या बियाण्याची उगवण तपासतो, लवकर आणि उशिरा येणारी वाणे वाटून पेरतो. यात अनिश्चितता आहेच. पण वादळाचा अंदाज घेऊन होडी लोटणाऱ्या कोळ्याला आपण जुगारी म्हणत नाही. जुगाऱ्याला डावावरून उठता येते. शेतकऱ्याने पेरलेच नाही तर वर्ष कशावर काढायचे?

आपल्या परंपरेने हा भेद फार पूर्वी केला आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या ३४व्या सूक्तात फाशांपायी घर उद्ध्वस्त झालेल्या माणसाला सांगितले आहे की फासे सोड आणि शेती कर. तिथे शेती हा जुगारावरचा उतारा आहे. आपण तिलाच जुगार म्हणू लागलो.

पावसाच्या जुगाराची ही कल्पना रूढ झाली ती सरकारी तिजोरीच्या संदर्भात. १९०८ ते १९१३ या काळात व्हाइसरॉयच्या कौन्सिलात अर्थसदस्य असलेल्या सर गाय फ्लीटवूड विल्सन यांच्या नावावर ती सांगितली जाते. हिंदुस्थानचा अर्थसंकल्प पावसावर अवलंबून आहे, ही त्यांची अडचण होती. पाऊस हुकला की सारा बुडे, रेल्वेचे उत्पन्न घटे. सरकारची ती चिंता पुढे शेतकऱ्याचा स्वभाव बनली.

या शब्दाचे खरे नुकसान भावाच्या बातमीत दिसते. २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. त्या ऑगस्टमध्ये मध्य प्रदेशातल्या मंड्यांत भाव ४,००० रुपयांच्या आसपास घसरले, त्यानंतर शेतकरी ६,००० रुपयांची मागणी घेऊन रस्त्यावर आले. हा पावसाचा कौल नव्हता. कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयात शुल्क तोपर्यंत शून्य होते, म्हणजे स्वस्त आयातीला वाट मोकळी होती. सप्टेंबर २०२४ मध्ये ते २० टक्के झाले आणि मे २०२५ अखेर पुन्हा १० टक्क्यांवर आले. सोयाबीनचे वायदे तर डिसेंबर २०२१ मध्येच सेबीने थांबवले होते. प्रत्येक निर्णयाला तारीख आहे, सही आहे. पीक विम्यात शेतकरी खरिपासाठी दोन टक्के हप्ता भरतो, पण उत्पादन घटल्याची भरपाई त्याच्या शेतावर नव्हे, विमा क्षेत्राच्या सरासरीवर ठरते. हा नियमही माणसांनीच केला आहे.

जुगार म्हटले की कर्ता नाहीसा होतो, उरते फक्त नशीब. शिवाय हरलेल्या जुगाऱ्याचे कोणी देणे लागत नाही. त्याचे कर्ज हे व्यसनाचे फळ ठरते. शेतकऱ्याची भरपाईची मागणी मग हक्क न राहता याचना वाटू लागते. याउलट पैसे लावून खेळायच्या मोबाइल अॅपना आपण वर्षानुवर्षे ‘गेमिंग’ म्हणत आलो. २०२५ मध्ये संसदेला त्यांवर बंदीचा कायदा करावा लागला. पैसे लावणारा खेळाडू आणि धान्य पिकवणारा जुगारी, ही भाषेची उलटापालट वाचकाच्या न्यायबुद्धीलाही वळण लावते.

म्हणून पत्रकारांकडे मागणे एवढेच आहे. देपालपूरच्या सोयाबीनची बातमी देताना पाऊस किती मिलिमीटर झाला, मंडीत भाव काय मिळाला, तो हमीभावापेक्षा किती कमी होता, विम्याचे पैसे कशामुळे अडले आणि शुल्काचा निर्णय कोणी, कधी घेतला हे लिहा. दुष्काळाला दुष्काळ म्हणा, चुकलेल्या धोरणाला चुकलेले धोरण म्हणा. बातमीत कर्ता दिसला तरच त्याला जाब विचारता येतो.