मूळ, मुक्काम आणि मत

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर किल्लारी नव्या जागी वसली. घरं हलली, शिवार जागेवरच राहिलं. माणसाचा मुक्काम एकीकडे आणि मूळ दुसरीकडे असू शकतं, हे किल्लारीकरांना समजावून सांगावं लागत नाही. परदेशी गेलेल्या लेकरांबाबत कायदाही हाच भेद करतो आणि त्यात तिसरा प्रश्न घालतो : तू नागरिक कोणत्या देशाचा?

हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारले नाहीत तर घोळ होतो. गावात तर बाहेर गेलेला प्रत्येक जण एनआरआयच. समजा, औसा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा मुलगा दुबईत नोकरीला आहे आणि पासपोर्ट भारताचाच आहे. लेक अमेरिकेत आहे आणि तिथली नागरिक झाली आहे. मुलाचा फक्त मुक्काम बदलला. तो अनिवासी भारतीय. लेकीचं नागरिकत्वही गेलं, कारण १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार स्वखुशीनं परदेशी नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. तिच्याकडे उरलं ते मूळ, आणि त्या मुळाच्या आधारावर मिळतं ते ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड.

हे मूळ पणजोबांपर्यंत मागे नेता येतं. १५ ऑगस्ट १९४७ ला किल्लारी निजामाच्या हैदराबाद राज्यात होती. पण नागरिकत्वासाठी कायदा २६ जानेवारी १९५० हा दिवस धरतो आणि तोवर हैदराबाद भारतात आलं होतं. त्यामुळे इथल्या पणजोबांचा आधार पुरतो.

आता हक्क पाहू. मत नागरिकत्वाला बांधलेलं आहे. दुबईचा मुलगा मतदारयादीत नाव नोंदवून, गावी प्रत्यक्ष येऊन मत देऊ शकतो. लेकीला व्हिसाशिवाय आयुष्यभर येता येतं, लातुरात फ्लॅट घेता येतो. मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही.

शेतजमिनीचा नियम मात्र दोघांना सारखाच. परदेशात राहणाऱ्या अनिवासी भारतीयाला किंवा ओसीआय कार्डधारकाला ती विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानंही मिळत नाही. पण वारसाहक्कानं मिळते. तेच वडील, तेच रान, तीच लेक : वडिलांनी हयातीत बक्षीस दिलं तर चालत नाही, त्यांच्या माघारी वारस म्हणून सातबाऱ्यावर तिचं नाव लागतं. पुढे विकायची झाली तर घेणारा भारतात राहणारा भारतीय नागरिकच हवा.

वरवर हे विचित्र दिसतं, पण त्यामागे मला एक सरळ विचार दिसतो. रक्तानं आलेला धागा कायदा तोडत नाही. शेतजमिनीवर नवा हक्क मात्र तो इथे राहणाऱ्यासाठी राखून ठेवतो, आणि गावाच्या कारभारातलं मत नागरिकासाठी. मूळ आपल्याला येण्याचा हक्क देतं, ठरवण्याचा नाही. परतीची वाटही कायद्यानं ठेवली आहे : पाच वर्षं कार्डधारक असलेल्याला, अर्जाआधी बारा महिने इथे राहून आणि परकं नागरिकत्व सोडून, पुन्हा भारतीय होता येतं.

म्हणून लेकरं बाहेर असलेल्या आईवडिलांनी शेताची वाटणी बक्षीसपत्रावर सोडू नये. जाणत्या वकिलाकडून मृत्युपत्र करून घ्यावं. आणि परक्या देशाच्या नागरिकत्वाची शपथ घेणाऱ्या लेकरानं आधी नीट समजून घ्यावं : मूळ त्याच्यापाशी राहील, गावातलं मत मात्र तो स्वतः सोडून देत आहे.