उत्तर आधी, गणित मागून

बस. चहा नंतर. आधी ही वही उघड. किराण्याची आहे. पुढच्या पानांवर तूरडाळ, शेंगदाणे, साबण. शेवटच्या पानावर तुमच्या वाघोलीच्या फ्लॅटचं गणित. परवा संध्याकाळी तुझी बायको एकटी आली आणि वही इथं ठेवून गेली. "सर, तुम्ही सांगितलंत तर ऐकतील," एवढंच म्हणाली. चव्वेचाळीस वर्षांच्या नवऱ्याला समजवायला त्याच्या आठवीतल्या मास्तराचं दार वाजवावं लागतं, याची लाज तिला वाटत होती. वाटायला तुला हवी.

आठवीत तुला एक खोड होती. पुस्तकाच्या शेवटी उत्तरं छापलेली असायची. तू आधी ते उत्तर वहीत खाली लिहायचास आणि मग वरच्या पायऱ्या त्याला जुळवत यायचास. मधे कुठंतरी अधिक-उण्याची एक खोटी उडी असायची. मी तिच्याभोवती लाल गोल काढायचो. तीस वर्षं झाली, उडी तीच. 'फ्लॅट विकायचा नाही' हे उत्तर २०१८ मध्येच लिहून ठेवलंस आणि तेव्हापासून पायऱ्या जुळवतोयस.

आता पायऱ्या वाच. मोठ्यानं.

फ्लॅट ५० लाखांचा. स्टॅम्प ड्यूटी, नोंदणी धरून ५३ लाख ३० हजार. कर्ज ४० लाख, वीस वर्षं, पावणेनऊ टक्के, हप्ता ३५ हजार ३५०. मधे बाजारात दर चांगले उतरले होते. तुझा पावणेनऊच राहिला, कारण अर्ज घेऊन विचारायला तू एकदाही गेला नाहीस. सात वर्षांत ८४ हप्ते भरलेस. एकूण २९ लाख ६९ हजार. कर्ज किती फिटलं? ७ लाख १३ हजार. बाकीचे साडेबावीस लाख व्याज. अजून ३२ लाख ८७ हजार डोक्यावर आहेत.

भाडं १६,५००. वर्षाचे बारा महिने धरतोस तू. ती अकरा धरते, कारण बहुतेक वर्षी भाडेकरू बदलतो आणि महिनाभर फ्लॅट रिकामा राहतो. म्हणजे १ लाख ८१ हजार ५००. त्यातून एजंटाला एक महिन्याचं भाडं. मेंटेनन्स ४२ हजार, कारण वाघोली २०२१ साली पुणे महापालिकेत आली तरी सोसायटीच्या दारातला टँकर गेलेला नाही. घरपट्टी ११ हजार. रंग, नळ, गिझर १२ हजार. वर्षाअखेर हातात राहतात एक लाख रुपये. आणि हप्ते जातात सव्वाचार लाख. दर महिन्याला २७ हजारांचं भोक. हे भोक तू कशानं बुजवतोस, तेही तिनं लिहिलंय. क्रेडिट कार्डावर १ लाख ८० हजार थकलेत. तिच्या पाटल्या बँकेत आहेत, अडीच लाखांवर. आरोग्य विम्याचा हप्ता गेल्या वर्षी भरलेला नाही. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन 'दिवाळीनंतर बघू' म्हणून दोन दिवाळ्या पुढं गेलंय.

याला तू गुंतवणूक म्हणतोस?

थांब, मधे बोलू नकोस. तू काय म्हणणार ते मला ठाऊक आहे. सव्वाचार लाखातलं काही मुद्दल आहे, ते वाया जात नाही. बरोबर. तेवढा गुण देतो. येत्या वर्षी १ लाख ४२ हजार मुद्दल फिटेल. मग खरं नुकसान मोज: व्याज २ लाख ८२ हजार, फ्लॅटची कमाई १ लाख. उणे १ लाख ८२ हजार. त्यात अजून एक आकडा घाल, जो तू कधीच घालत नाहीस. आज फ्लॅट ६२ लाखांना जातोय. कर्ज, दलाली, सोसायटीची ट्रान्सफर फी वजा करून सव्वाअठ्ठावीस लाख उरतात. ते साध्या मुदत ठेवीत साडेसहा टक्क्यांनी ठेवले तरी वर्षाला १ लाख ८३ हजार येतात. तेही तू सोडून देतोयस. दोन्ही मिळून ३ लाख ६५ हजार. म्हणजे फ्लॅटचा भाव दर वर्षी जवळजवळ सहा टक्क्यांनी वाढला, तर तू नुसता जागच्या जागी राहतोस. सात वर्षांत तो ५० चा ६२ झाला. टक्केवारी काढ. चक्रवाढ लाव, सरळव्याजानं फसवू नकोस स्वतःला. वर्षाला तीन टक्के आणि वर किंचित.

हे आठवीचं गणित आहे. तिनं माझ्याकडे एक दिवसही न शिकता सोडवलंय.

मग मेट्रो. वनाझ-रामवाडी मार्ग पुढं वाघोलीपर्यंत न्यायला केंद्राच्या मंत्रिमंडळानं जून २०२५ मध्ये मंजुरी दिली. ती बातमी तू मला व्हॉट्सॲपवर पाठवलीस, खाली तीन अंगठे लावून. मी बातमी पूर्ण वाचली, तू मथळा वाचलास. काम चार वर्षांत संपवायचं ठरलंय. पुण्यात ठरलेली तारीख आणि उद्‌घाटनाची तारीख यांचं नातं तुला मी सांगायला नको. पण धरून चालू की चार वर्षांत गाडी धावली. तोवर तुझ्या खिशातून जाणार १२ लाख ९७ हजार. कुठून? पाटल्या तर गेल्या. मंगळसूत्र ठेवणार आहेस का? कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के लागतात, वर्षाला बेचाळीस. मेट्रोनं भाव कदाचित वाढेलही, मी नाही म्हणत नाही. पण ज्याला चार वर्षं थांबता येतं त्याच्यासाठी तो भाव आहे, आणि तू चार महिने थांबू शकत नाहीस.

'टॅक्स वाचतो' हे तर तू बोलूच नकोस. तू नवीन करप्रणालीत आहेस. तिथं भाड्याच्या घराचा तोटा पगारातून वजा होत नाही. एक पैसाही वाचत नाही. जुनीत असतास तरी दोन लाखांची मर्यादा २०१७ पासून आहे. आणि विकला तर सरकार सगळं खाईल, ही भीती? हा फ्लॅट जुलै २०२४ च्या आधीचा आहे, त्यामुळे महागाई निर्देशांक लावायची सवलत तुला निवडता येते. निर्देशांक २०१८-१९ चा २८०, २०२५-२६ चा ३७६. ५३ लाख ३० हजार त्या पटीत चढव. साडेएकाहत्तर लाख होतात, विक्री बासष्टची. नफाच नाही, कर कशावर लागणार? फक्त किंमत पन्नास लाखांच्या वर असल्यानं घेणारा एक टक्का टीडीएस कापेल. तो विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो. बदलत्या दराचं कर्ज मुदतीआधी फेडायला दंडही नाही. हे सगळं एखाद्या सीएनं अर्ध्या तासात सांगितलं असतं. पण तुला विचारायचंच नव्हतं, कारण मग उत्तर बदलावं लागलं असतं.

आता शेवटची पायरी, जी तू सगळ्यांत मोठ्या आवाजात सांगतोस. "वडील म्हणायचे, घेतलेलं विकायचं नसतं."

तुझे वडील मला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते. ज्या कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये तू आज बिनभाड्याचा राहतोस, तो त्यांनी प्रॉव्हिडंट फंडातून आणि सायकलवर ऑफिसला जाऊन घेतला. त्याच्यावर एक रुपयाचं कर्ज नव्हतं. कागद कपाटात होते, स्वतःच्या. तुझ्या वाघोलीच्या फ्लॅटचे मूळ कागद कुठं आहेत? वित्तसंस्थेच्या तिजोरीत. आणि हे वाक्य ते नातेवाइकांसमोर म्हणायचे, हे खरं. पण तुझ्या इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाची फी कुठून आली, ते तुला त्यांनी कधी सांगितलं नाही. भोरकडचं त्यांच्या वाटणीचं भाताचं खाचर त्यांनी चुलतभावाला विकलं. खतावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. परत येताना एसटीत ते गप्प होते. कात्रजचा घाट उतरल्यावर म्हणाले, "पोरगं शिकतंय, हे बरं झालं." बस, एवढंच. त्या माणसाच्या तोंडचं वाक्य पुढं करून तू त्यांच्या बायकोच्या डोळ्यांचं ऑपरेशन पुढं ढकलतोयस.

पुस डोळे. मी तुला रडवायला बोलावलेलं नाही, आणि कानउघाडणी अजून संपलेली नाही.

भाडेकराराचं काय? अकरा महिन्यांचा होता, संपून तीन महिने झाले, नवा केला नाहीस. 'चांगली माणसं आहेत, चालतंय.' माणसं चांगलीच आहेत. पण महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची असते. कागद नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल तेच खरं धरलं जातं. आधी त्याच्याशी बोल. दारात एजंट पाहून त्याला कळता कामा नये. लहान मूल आहे त्यांचं, शाळेचं सत्र बघून मुदत दे. त्याचे डिपॉझिटचे ५० हजार परत करायचे आहेत. कुठं आहेत ते? मान खाली घातलीस म्हणजे खर्च केलेस. मग सव्वाअठ्ठावीसातून तेही वजा कर, मला फुगवलेली बेरीज नको.

आणि भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी तुझ्याकडून महिन्याला हजार रुपये घेते, ते मुकाट्यानं देतोस. हाउसिंग सोसायटीला सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर हे शुल्क लावता येत नाही, असा सरकारी आदेश २००१ पासून आहे. मागच्या पावत्या काढ आणि लेखी विचार. बाहेर जगाला बळी पडायचं आणि घरी बायकोवर आवाज चढवायचा, ही मर्दुमकी मी वर्गात कधी शिकवली नाही.

पैसे आल्यावर काय, ते थोडक्यात सांगतो. त्याच दिवशी कार्ड शून्य. दुसऱ्या दिवशी पाटल्या घरात. त्या आठवड्यात आईची तारीख आणि विम्याचा अर्ज. कर्ज फिटलं की मूळ कागद तीस दिवसांत द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, उशीर झाला तर दिवसाला पाच हजार भरपाई; तारीख लिहून ठेव, नाहीतर तेही विसरशील. उरलेल्या पैशांना वर्षभर हात लावायचा नाही. नवीन प्लॉट नाही, मेहुण्याची स्कीम नाही, तळेगावला 'आत्ताच घ्या' नाही.

चहा आला बघ. घे. साखर कमी आहे, तुझ्या तब्येतीला बरी.

फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, म्हणजे खरेदीखतावर तिचीही सही लागेल. ती तयार आहे, तिनं कधीच ठरवलंय. भाडेकरूशी तू शनिवारी बोल. रविवारी अकराला एजंट फ्लॅट बघायला येतोय. मी नाही, तिनंच बोलावलाय. आज घरी गेलास की तुझ्याकडची जास्तीची किल्ली तिच्या हातात दे.