देणे वारशाने यावे का?

वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातले अल्लीपूर हे कापसाच्या मुलखातले गाव. या भागात सालदाराचे, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेल्या शेतगड्याचे, साल गुढीपाडव्याला ठरते: वर्षाची रोख रक्कम, वर धान्य, कुठे कपडे-चपला, आणि ठरल्या रकमेतली काही आधीच उचल म्हणून. खाडे त्यातून कापले जातात. पुढल्या पाडव्याला हिशेब चुकता झाला तर गडी मोकळा; अंगावर बाकी निघाली तर मात्र त्याला बहुधा त्याच वाड्यात पुन्हा साल धरावे लागते. हा करार आहे की बंधन? काम किती कष्टाचे आणि मजुरी किती तोकडी, यावरून लोक उत्तर देतात. पण मोकळा मजूरही हाल सोसतो आणि बांधलेल्याचेही कधी पोट भरते. खरी कसोटी वेगळी आहे. माणसाने स्वतः घेतलेले देणे त्याच्या जन्माला किंवा त्याच्या लेकरांना चिकटले, की करार संपतो आणि गुलामी सुरू होते.

इंग्रजांच्या व्हर्जिनिया वसाहतीत हे टप्प्याटप्प्याने घडले. सुरुवातीला तिथल्या तंबाखूच्या मळ्यांवर मुख्यतः इंग्लंडहून ठरावीक वर्षांच्या करारावर आलेले मजूर राबत. 1640 साली तीन मजूर पळाले आणि पकडले गेले. दोघा युरोपियनांची मुदत चार-चार वर्षांनी वाढली; जॉन पंच या आफ्रिकन माणसाला मात्र जन्मभराची सेवा फर्मावली गेली. गुन्हा एकच होता, शिक्षा जन्म पाहून झाली. 1662 च्या कायद्याने मुलाचा दर्जा आईवरून ठरू लागला, म्हणजे कुठलाही करार न केलेले तान्हे मूलही बांधील झाले. राहता राहिला धर्म. बाप्तिस्मा घेतलेल्याला गुलाम ठेवता येईल का, ही शंका 1667 च्या कायद्याने मिटवली: बाप्तिस्म्याने बंधन सुटत नाही. आत्म्याचा उद्धार मान्य करून शरीर मालकाच्या खात्यावर ठेवण्याची ही सोय होती.

हा प्रवास उलट दिशेनेही झाला. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी रद्द झाल्यावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठी गिरमिटिये, म्हणजे करारबद्ध मजूर, नेले गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी कुटुंबेही होती. कागदावर गिरमिटाला मुदत होती. पण दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीत मुदत संपलेल्या हिंदी मजुराने पुन्हा गिरमिट लिहिले नाही आणि तो मायदेशीही परतला नाही, तर त्याच्यावर वर्षाला तीन पौंडांचा कर बसे. पुढे तो सोळा वर्षांवरील मुलांवर आणि तेरा वर्षांवरील मुलींवरही लादला गेला. बापाने लिहिलेला करार लेकीच्या वाटेत आडवा आला. ज्या गांधींनी पुढे वर्धा जिल्ह्यातच सेवाग्राम आश्रम उभारला, त्यांच्या दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्यानंतर 1914 साली हा कर गेला.

आपल्याकडे हा प्रश्न थेट धर्मशास्त्रातून येतो. बापाचे कर्ज मुलाने फेडावे, कारण न फेडल्यास बापाला परलोकी गती नाही, असे स्मृतिकारांनी सांगितले. जुगार आणि मद्यपानासाठी काढलेले कर्ज त्यांनी वगळले, म्हणजे बापाचे प्रत्येक देणे मुलावर येत नाही हे त्यांनाही ठाऊक होते. शिवाय जन्मासोबत येणारी जी तीन ऋणे वैदिक परंपरा मानते, ती ऋषींची, देवांची आणि पितरांची. त्यांची फेड अध्ययनाने, यज्ञाने आणि संततीने होते. त्या यादीत सावकार नाही. मुलाच्या मनातले कर्तव्य सावकाराचा हक्क झाले, तिथे धर्माची वाट चुकली. मुंबई इलाख्यात 1866 साली कायदा करून वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरती मर्यादित करावी लागली. आणि केवळ धार्मिक कर्तव्याच्या आधारे मुलाकडून बापाचे कर्ज वसूल करण्याची मुभा हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या दुरुस्तीने थेट 2005 साली काढून घेतली.

यावर शेतकऱ्याचा आक्षेप रास्त आहे. उचल देणारा कास्तकार स्वतःच बँकेचा आणि कृषी केंद्राचा देणेकरी असतो. गडी मधेच निघून गेला तर त्याचे पैसे बुडतात. देणे पुढे चालणार नसेल, तर गरिबाला अडीनडीला कोण देईल? पण पैशाचे देणे पैशाने किंवा मागे राहिलेल्या मालमत्तेतून वसूल करणे वेगळे आणि माणसाचे दिवस जप्त करणे वेगळे. दुसरा आक्षेप संमतीचा: सालदाराने आपखुशीने अंगठा दिला ना? दिला. वचन पाळणे हा धर्म आहे, पण वचन देणाऱ्यालाच बांधते, आणि त्यालाही बाहेर पडण्याची वाट असेल तोवरच. घरातल्या बाईने किंवा पोराने अंगठा दिलेलाच नसतो. 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने नेमके हेच ओळखले. उचलीपोटी घडणाऱ्या सक्तीबरोबरच पूर्वजांचे देणे, वारशाने आलेले बंधन, रूढी आणि विशिष्ट जातीतला जन्म हेही त्याने वेठबिगारीच्या व्याख्येत धरले.

म्हणून सालदारी आपोआप गुलामी ठरत नाही, आणि ती आपोआप निर्दोषही ठरत नाही. पाडव्याचा हिशेब गड्याला दाखवून होतो का, बाकी असतानाही त्याला दुसरा मालक धरता येतो का, आणि तो आजारी पडला तर त्याच्या जागी त्याचा पोरगा मागितला जातो का, हे पाहावे. तिसऱ्याचे उत्तर होकारार्थी असेल, तर पहिली दोन कितीही चांगली असोत, तो करार धर्माला आणि कायद्याला सारखाच अमान्य आहे.