दबलेला आवाज

फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनमध्ये कॅसेट लोकांपुढे आणली. आजही आपल्यापैकी काहींच्या माळ्यावर जुना टेपडेक आहे, शेजारी डब्यात कॅसेटी आहेत. एखादीत लग्नाची गाणी, एखादीत देवाघरी गेलेल्या आईचा आवाज. डेक लावला तर आवाज दबका येतो, घसरतो. आपण म्हणतो, कॅसेट गेली.

पुष्कळदा ती गेलेली नसते. टेपची भुकटी हेडवर साचलेली असते, आतला रबरी पट्टा सैल पडलेला असतो. प्लग काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने हेड हलकेच पुसावे, सुकू द्यावे, पट्टा बदलून घ्यावा. मग तोच आवाज मोकळा होतो.

अबोला धरलेल्या भावाविषयीही आपण असेच म्हणतो: तो आता पूर्वीचा राहिला नाही. पण धूळ कदाचित आपल्याच ऐकण्यावर असेल. संत लूकच्या शुभवर्तमानातील बाईने हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावला, घर झाडले. हरवल्याने नाण्याची किंमत कमी झाली नव्हती.

या आठवड्यात डेक पुसूया. आणि आईचा आवाज ऐकायला त्या भावालाही बोलावूया. ती त्याचीही आई आहे.